पिवळ्यातलं पिवळं

ईश्वरीचं लग्न ठरलं ते २०४३ साल. पौषात नको म्हणून साखरपुडा माघात धरला, आणि त्याच माघात आमच्या मळेवाडीला प्रकाशपाटी आली. ईश्वरी म्हणजे माझ्या धाकट्या जावेची, रोहिणीची, एकुलती लेक. आम्हा दोघींचे मालक मेंढरं घेऊन कोकणपट्टीत उतरलेले. ते थेट लग्नालाच येणार होते. त्यामुळे घर, लग्नाची जुळवाजुळव आणि बाबर अण्णांच्या खळ्यावरची हळद, हे सगळं आम्ही दोघी जावाच ओढत होतो.

मी तेव्हा साठीची, रोहिणी पंचेचाळीसची. माझं लहानपण मेंढरांमागं गेलं, शाळा मी बाहेरूनच पाहिली. पन्नाशी ओलांडल्यावर रोहिणीने मला अक्षरं शिकवली. खळ्यावर दुपारची भाकरी खाऊन झाली की सांडलेल्या हळदीच्या धुळीत बोट धरून गिरवायला लावायची. माझं नाव मी पहिल्यांदा पिवळ्यातच वाचलं.

पाटीचं सांगते. सरकारने ठरवलं होतं की दुखणं येण्याची वाट बघायची नाही, वय आलं की तपासणी करायची. तिशीला एकदा, पंचेचाळिशीला एकदा, साठीला एकदा. योजना नवी होती, म्हणून पहिल्या वर्षी तिशीच्या पुढच्या सगळ्यांनाच बोलावलं होतं. आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर तस्लीम मुजावर यांनी ओसरीवर टेबल मांडलं आणि आम्हा बायकांना गोळा करून समजावलं.

"ही पाटी बोटात उजेड सोडते," त्या म्हणाल्या. "निळा, हिरवा, तांबडा आणि आपल्या डोळ्याला न दिसणारा. अंगातला प्रत्येक पदार्थ आपल्या आवडीचा उजेड गिळतो आणि बाकीचा परत पाठवतो. परत काय आलं, त्यावरून पाटी ओळखते आत काय आहे."

"आणि आम्ही सगळ्या एकाच बोटानं?" बायडा मावशीने विचारलं. ती खळ्यावर हळद मोडणाऱ्या आमच्या टोळीची सगळ्यात जुनी बाई, आणि तिला गप्प बसवणारा अजून जन्मला नव्हता.

"बोट ज्याचं त्याचं, मावशी. प्रश्न मात्र वयाप्रमाणे बदलतात. तिशीला पाटी साखर आणि रक्त विचारते. पंचेचाळिशीला यकृत, मूत्रपिंड, काळीज. साठीला ह्याच्यासोबत हाडं आणि डोळे."

यकृताचं त्यांनी जास्त खुलासा करून सांगितलं. रक्तातल्या जुन्या पेशी मोडतात तेव्हा एक पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते पित्तात ढकलून बाहेर टाकतं. यकृत किंवा पित्ताच्या नळ्या थकायला लागल्या की ते थोडं थोडं मागं राहतं आणि कातडीत उतरतं. डोळे पिवळे दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पाटीला मात्र त्याचा कण न् कण दिसतो, कारण ते द्रव्य निळा उजेड गिळतं.

त्या दिवशी आमच्या टोळीतली प्रत्येक बाई पिवळी निघाली.

पाटीवर खाली तीन दिवे होते. हिरवा म्हणजे ठीक, तांबडा म्हणजे ताबडतोब चला, पिवळा म्हणजे यकृताची पुढची तपासणी करा. हळद मोडणाऱ्या, गड्डे आणि हळकुंडं वेगळी करणाऱ्या, शिजलेली हळद पसरणाऱ्या आम्ही साऱ्या एकीमागं एक पिवळ्या. खळ्याचे मालक बाबर अण्णा, ते दिवसभर ढिगातलं हळकुंड उचलून मोडून बघायचे, तेही पिवळे. फक्त पोस्टमन आणि दोन मास्तर हिरवे.

गावात रडारड झाली. तालुक्याला नेऊन सगळ्यांची रक्तं काढायची ठरली, पण मंडळी एवढी होती की पहिल्या खेपेला म्हाताऱ्याच तेवढ्या गेल्या. मी आणि बायडा मावशी त्यात होतो. रक्त स्वच्छ निघालं. मग तस्लीम सिस्टरच्या ध्यानात आलं आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. हळदीतला रंगही निळाच उजेड गिळतो, जवळपास त्याच जागचा. आमची बोटं माघ ते चैत्र साबणाला दाद देत नाहीत. पाटीने आमचं यकृत पाहिलंच नव्हतं; तिने अण्णांचं खळं पाहिलं होतं.

दुसरी खेप निघालीच नाही. सगळं गाव हसायला लागलं, आणि रोहिणीचं रक्त काढायचं राहून गेलं.

पण कवठ्याला, ईश्वरीच्या सासरी, हसू पोचायच्या आधी बातमी पोचली होती. विहीणबाईंचा फोन आला. "घराण्यात यकृताचं काही आहे का हो? असेल तर आत्ताच सांगा." रोहिणीचा चेहरा त्या वेळी उतरला तो मी विसरले नाही. ईश्वरी तर दोन दिवस जेवली नाही.

पंधरवड्याने पाटी बनवणाऱ्यांनी तोड काढली. हळदपट्ट्यातल्या गावांपुरता पाटीचा हिशेब बदलला. कुठल्या गावात पाटी लावली आहे ते तिला कळतंच. अशा गावात बोटावरचा पिवळा रंग ती आता वजा करणार होती. पुन्हा ओसरीवर टेबल लागलं. टोळी हिरवी, अण्णा हिरवे, रोहिणी हिरवी. तिने त्या हिरव्या दिव्याचा फोटो काढून कवठ्याला पाठवला. उलट टपाली बस्त्याची तारीख आली.

अण्णांनी खळ्यावर पेढे वाटले. "माझी पाटी हिरवी!" असं जो भेटेल त्याला सांगत सुटले होते.

मला ते दिसलं ते भाकरीच्या वेळी. रोहिणी तळहात खाजवत होती. मग पायाचे तळवे. आम्ही सगळ्याच खाजवतो, हळदीची कूस, ती बारीक तुसं, टोचतातच. पण आमची खाज अंघोळ केली की जाते. रोहिणी अंघोळ करून आल्यावर उंबऱ्याच्या कडेवर तळवे घासत बसायची. फोडणीचा वास आला की बाहेर जायची. टोपलीभर हळद उचलताना मधेच टेकायची.

"काय होतंय गं तुला?" मी विचारलं.

"लग्न होतंय," ती म्हणाली. "लेकीचं हाय, पण मलाच होतंय म्हण."

मी उपकेंद्रावर गेले. तस्लीम सिस्टर लसींच्या डब्यात बर्फ भरत होत्या. मी सांगत गेले तसे त्यांचे हात थांबले.

"मावशी, तुम्ही बाजारात हळद विकता तेव्हा पोत्यासकट वजन करता ना?"

"व्हय. आणि बारदान वजा करतो."

"पाटीही तेच करतेय. हळद म्हणजे बारदान असं तिला शिकवलंय. आता समजा एखादीच्या कातडीत आतूनच पिवळं उतरलंय. पाटी तेही बारदान धरणार आणि वजा करून टाकणार." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मी हे वर कळवलंय. उत्तर यायला वेळ लागेल."

"तोवर?"

"तोवर हळद न लागलेली जागा शोधायची. आणि इथली पाटी चालणार नाही, ती इथं वजाच करणार. घाटाखालच्या मोठ्या दवाखान्यातली पाटी वजा करत नाही, ते गाव हळदीचं नाही."

जागा कुठली, यावर आम्ही दोघींनी डोकं लावलं. हात गेले. पाय गेले, आम्ही ढिगावर चालतो. कपाळ आणि गाल घाम पुसून पिवळे. मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मावशी, डोक्याचं फडकं सोडा." मी सोडलं. धुळीसाठी आम्ही कान झाकून फडकं बांधतो, सकाळी बांधलं की संध्याकाळीच सोडतो. त्यांनी माझ्या कानाची पाळी चिमटीत धरली, तेल लावलेल्या कापसाने पुसली. कापूस पांढराच राहिला.

"ही जागा," त्या म्हणाल्या. "पण लवकर. लग्नाची हळद लागली की कानही गेले."

घरी येऊन मी रोहिणीला सांगितलं. ती रुखवताचे लाडू वळत होती. वळता वळता तिने नुसती मान हलवली.

"लग्न झाल्यावर बघू."

"लग्नाला महिना हाय. मग पाहुणे, मग मांडवपरतणी, मग तू म्हणशील पाऊस लागला."

"आक्का, माझी पाटी हिरवी हाय. फोटो हाय माझ्याकडं."

"बारदान वजा केलेला फोटो."

"आणि पिवळी निघाली म्हंजी?" तिने हातातला लाडू ताटात आपटला. तो फुटला. "एकदा फोन आला त्यांचा, तर पोरगी दोन दिवस उपाशी ऱ्हायली. आता परत पिवळं निघालं तर ते म्हणतील, आईला हाय ते लेकीला असणारच. मोडलं तर तू जुळवून देणार हायस दुसरं?"

"आई नसलेल्या पोरीचं मी काय करू, ते सांग आधी."

"तोंडाला काय येतंय ते बोलू नगंस."

"बोलणार. तू मला अक्षरं शिकवलीस तेव्हा मी किती वेळा उठून गेले? मनगट धरून बसवलंसच ना?"

"ती अक्षरं व्हती. त्यात कुणाचं लग्न मोडत नव्हतं." ती उठली आणि आत गेली. आतून तळवे घासल्याचा आवाज येत राहिला.

रोहिणीला मनगट धरून नेता येणार नव्हतं. मी दुसरी वाट धरली.

आमच्या टोळीचा एक रिवाज आहे. टोळी पुरी बसल्याशिवाय नव्या ढिगाला कुणी हात लावायचा नाही. एक बाई कमी असली तर बाकीच्या वाट बघतात, कारण मोडायला बसलेल्यांत एक जागा मोकळी राहिली की पुढं पसरणारीचा आणि मागं वेचणारीचा सगळाच ताल जातो. बाळंतीण, सुतक, ताप, काही असो, आधी टोळीला सांगायचं, टोळी ठरवते. मालकाचं त्यात चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा ढीग पडला. बॉयलरवर आधीची हळद शिजत होती. साऱ्या बायका बसल्या, रोहिणीही बसली. मी उभी राहिले.

"आज मी बसणार न्हाई," मी म्हणाले. "मला घाटाखालच्या दवाखान्यात कान दाखवायचा हाय."

"कान?" बायडा मावशी म्हणाली. "ऐकू तर सगळं येतंय तुला. नको तेवढं येतंय."

मी त्यांना बारदानाचं सांगितलं. बाजारात जन्म गेलेल्या बायका, दोन वाक्यांत कळलं. मी रोहिणीचं नाव घेतलं नाही. तिच्याकडे बघितलंही नाही. एवढंच म्हणाले की वजा झालेलं पिवळं कुणाचं आहे हे ठाऊक नाही, माझंही असेल.

मग बायडा मावशीने हातातलं हळकुंड ढिगावर परत टाकलं. "टोळी पुरी न्हाई," ती म्हणाली आणि उठली. मग तिच्या शेजारची. मग सगळ्या. रोहिणी एकटी ढिगापुढे बसून राहिली.

बाबर अण्णा बॉयलरकडून धावत आले. "काय चाललंय? ढीग उन्हात पडलाय! लंकाबाई, ह्यो तुमचा उद्योग!"

"माझाच. टोळी पुरी घाटाखाली जाणार, पुरी माघारी येणार. मग बसू."

"अगं पण तुमच्या सगळ्या पाट्या हिरव्या हायेत की! माझी पण हिरवी!"

"मग एकदा अजून हिरव्या निघतील. तुमचं काय बिघडतंय?"

"माझं? हळद बिघडती, दुसरं काय!" त्यांनी टोपी काढून मांडीवर आपटली. मग बायकांच्या रांगेकडे बघितलं, आणि त्यातल्या मोकळ्या जागेकडे. ढिगापुढे बसलेल्या रोहिणीकडे बघून त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं असावं, कारण आवाज खाली आला. "एस.टी.नं कधी पोचणार तुम्ही? टेम्पो न्या माझा. आणि मला कान दाखवायला बोलवू नका. टाकी भरलीय, वाफ धरलीय, हितं माणूस लागतंय. तुम्ही जावा, मी बॉयलर बघतो."

रोहिणी उठली. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "हे मी तुला कधी माफ करणार न्हाई." आणि सगळ्यांच्या आधी टेम्पोत चढली.

घाटात कुणी गाणं म्हटलं नाही. तस्लीम सिस्टर पुढे ड्रायव्हरशेजारी होत्या. मोठ्या दवाखान्यात त्यांनी तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं. डॉक्टर तरुण बाई होत्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चला, कान सोडा." आम्ही फडकी सोडली, कुड्या काढून पदरात बांधल्या. कापसाने पाळ्या पुसल्या गेल्या. पहिली मी. हिरवी. बायडा मावशी, हिरवी. "बघा," ती म्हणाली, "तोंड वापरलं की यकृत चांगलं ऱ्हातं." एकेक हिरवी होत गेली तशा बायका हसायला लागल्या.

रोहिणी शेवटी बसली. पाटीने इतर बायकांपेक्षा जास्त वेळ घेतला आणि पिवळा दिवा लागला.

हसणं थांबलं. डॉक्टरांनी पाटी पुसली, दुसरी पाळी धरली. पिवळाच. रक्त काढलं, पोटावर यंत्र फिरवलं. दुपारपर्यंत आम्ही आवारातल्या बाकावर बसून होतो. मग डॉक्टरांनी रोहिणीला आणि मला आत घेतलं.

तिचं शरीर स्वतःच्याच पित्तनळ्यांना परकं समजून कुरतडत होतं. बारीक, केसासारख्या नळ्या, यकृताच्या आतल्या. दारूचा, खाण्याचा, कशाचा संबंध नाही. हा आजार बायकांना या वयात होतो. नळ्या बुजल्या की पित्त आत तुंबतं, खाज येते, आणि कालांतराने यकृत दगडासारखं होतं.

"किती झालंय?" रोहिणीने विचारलं.

"सुरुवात आहे. रोज गोळ्या घ्यायच्या, जन्मभर. आत्ता धरलं तर बहुतेकींचं तिथंच थांबतं. दोन-चार वर्षांनी आला असतात तर मी असं म्हणाले नसते."

"लेकीला होईल?"

"होईलच असं नाही. बहुतेकींना होत नाही. तिच्या तपासणीच्या वेळी हे सांगा, म्हणजे नीट बघतील."

परतताना टेम्पो घाट चढायला लागला तशी रोहिणीने फोन काढला. मला वाटलं मालकांना लावते. तिने विहीणबाईंना लावला, आणि टेम्पोच्या आवाजात ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. सगळी टोळी कान टवकारून बसली.

"विहीणबाई, मी रोहिणी कोळेकर. मी तुमाला हिरव्या पाटीचा फोटो पाठिवला व्हता. तो खोटा निघाला. मला यकृताचं दुखणं हाय. आज कळलं, आज सांगते. लग्नाआधी सांगते."

घाटातलं वळण गेलं तसं विहीणबाईंनी विचारलं,

"बरं होतं का त्ये?"

"थांबतं. गोळ्यांनी."

"आणि ईश्वरीला?"

"बहुतेक न्हाई म्हणाले. ठाम सांगता येत न्हाई म्हणाले. तुमचं काय असंल ते सांगा, मी ऐकायला बसलेय."

मग विहीणबाईंचा आवाज आला, जरा चिडका. "खोटा निघाला म्हंजी काय? आमच्यातल्या पण पाट्या हिरव्याच निघाल्यात की. आमचं गाव काय ऊस लावतंय व्हय? आमी पण हळदीतच हाय."

रोहिणीने माझ्याकडे बघितलं. मी फोन हातात घेतला आणि बारदानाचं सगळं सांगितलं, कानाचं सांगितलं.

"म्हंजी माझी पण धरायची न्हाई," विहीणबाई म्हणाल्या. "बघा की. आता लग्नाच्या गडबडीत ह्ये एक वाढवलं तुमी. त्या सिस्टरबाईंचा नंबर द्या. आणि रोहिणीताई, मांडवात पाहुण्यांसाठी उभ्या राहू नका, खुर्ची घ्या. आमच्याकडची माणसं काय बोलतील ते मी बघते."

फोन ठेवल्यावर बायडा मावशी म्हणाली, "एवढी कडक विहीण मिळाली, पोरीचं काय खरं न्हाई." आणि टेम्पोतल्या साऱ्या बायका इतक्या हसल्या की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. रोहिणी हसता हसता रडायला लागली, मग तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. माफीचं काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

खळ्यावर अण्णा वाफेत उभे होते, भुवयांपर्यंत पिवळे. "झालं का समाधान? बसा आता!" आम्ही बसलो. टोळी पुरी होती. मी त्यांना दोनदा म्हणाले, अण्णा, उद्या तुम्ही जाऊन या. ते म्हणाले, हंगाम उरकू दे.

वैशाखात लग्न झालं. ईश्वरीच्या हळदीला बायकांनी मुलीसोबत रोहिणीलाही नखशिखांत माखलं, फक्त कानाच्या पाळ्या सोडल्या, तिला महिन्याने परत दाखवायला जायचं होतं म्हणून. बायडा मावशी म्हणाली, आता एकीच्या सोडल्यात तर सगळ्यांच्याच सोडा. आमच्याकडे अजून हळद लावताना कानाच्या पाळ्या कोऱ्या ठेवतात. नव्या पोरींना त्याचं कारण माहीत नाही.

पावसाळा संपता संपता अण्णांचे डोळे पिवळे झाले. हळदीचे दिवस नव्हते, बोटं केव्हाच धुऊन निघाली होती. पित्ताच्या मोठ्या नळीत गाठ होती, पसरलेली. डॉक्टर म्हणाले, माघात कळती तर काढता आली असती. तस्लीम सिस्टरने त्यांची माघातली हिरवी पाटी आणि रोहिणीची पाटी जोडून पुन्हा वर पाठवली. या वेळी उत्तर लगेच आलं. वजाबाकी काढून टाकली गेली, आणि हळदपट्ट्यातल्या सगळ्या गावांत कान दाखवायचं ठरलं. ईश्वरीने तिशीची तपासणी केली ती कानाने. रोहिणीने साठीची केली, तेव्हा मी शेजारी बसले होते. यकृत होतं तिथंच थांबलेलं होतं.

बाबर अण्णा २०४३ च्या मार्गशीर्षात गेले. माझी जाऊ रोहिणी २०६१ च्या पौषात गेली, काळीज बंद पडून, सकाळी, ईश्वरीच्या घरी.